गळकी गाडी, अख्खी मालकी

नोव्हेंबर २०२४मध्ये जॅग्वारने एक जाहिरात काढली. भडक रंग, चमत्कारिक कपड्यांतली माणसं, दोन-चार बोधवाक्यं, आणि गाडी एकही नाही. त्यावर इंटरनेटवर उडालेला धुरळा तुमच्याही फोनपर्यंत पोचला असेल. तुम्ही गाड्या विकता का, असं एलॉन मस्कनेही खवचटपणे विचारून घेतलं. मग जुन्या ई-टाइपचे फोटो टाकून गळे काढणं सुरू झालं. काय गाडी होती, काय तो काळ, काय ते इंग्रजांचं कसब! आपल्याकडचेही लोक हिरिरीने सामील झाले. जॅग्वार २००८पासून टाटांची आहे, त्यामुळे वारसा बुडवल्याचा आरोप थेट बॉम्बे हाउसच्या दारात नेऊन ठेवता येतो.

या शोकसभेबद्दल माझी तक्रार आहे. तिथे रडणाऱ्या बहुतेकांची ई-टाइप पोस्टरवरची आहे. पोस्टरवरची गाडी पावसात बंद पडत नाही, तिच्याखाली तेलाचं थारोळं साचत नाही, तिच्यापायी कुणाची रविवारची झोप मोडत नाही. ज्यांनी अशा गाड्या खरोखर बाळगल्या, त्यांच्या आठवणी अगदी वेगळ्या असतात, आणि या गदारोळात त्या कुणी ऐकून घेत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मालकांच्या आठवणी जपण्यासारख्या आहेत, पण त्या भलत्याच कारणासाठी जपल्या जातायत. गाडीचं रूप, वेग, ब्रिटिशपणा हे सगळं त्यातलं भुसकट आहे. दाणा आहे तो मालकीचा. जो माणूस ती गाडी विकत घ्यायचा त्याची ती खरोखर व्हायची, शेवटच्या नटबोल्टपर्यंत. तशी मालकी आज आपल्याकडे फारच थोड्या वस्तूंची उरली आहे. आणि ज्या उद्योगाने ती आपल्याकडून काढून घ्यायला सुरुवात केली आहे, तोच उद्योग त्या आठवणींचं पॉलिश मारून नवा माल विकतो आहे.

आठवणी नेमक्या कशाच्या असतात

आधी कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय ते सांगतो. एमजीच्या टीसी, एमजीए, एमजीबी आणि मिजेट. ट्रायम्फची टीआर मालिका आणि स्पिटफायर. ऑस्टिन-हीलीची स्प्राइट. लोटसच्या सेव्हन आणि एलान. वरच्या पायरीवर जॅग्वार ई-टाइप. दुसरं महायुद्ध संपल्यापासून १९८०पर्यंतचा हा काळ. बहुतेक गाड्या छोट्या, बुटक्या, दोन माणसांच्या, वर कापडी टप असलेल्या. राजेमहाराजांच्या रोल्स रॉइसशी यांचा संबंध नाही. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर निघाल्या, स्पिटफायर त्याच वर्षांत तीन लाखांवर. नव्या असताना या मध्यमवर्गाच्या गाड्या होत्या. सेकंडहँड, थर्डहँड होता होता त्या विद्यार्थ्यांच्या आणि कारखान्यात नुकत्याच लागलेल्या पोरांच्या हाती आल्या.

या लोकांना आठवणी सांगायला बसवलं तर काय निघतं? एमजीबीचा मालक तुम्हाला सांगेल की गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, आणि त्या बॉनेटखाली नसून सीटच्या मागे, फळीखालच्या खड्ड्यात असायच्या. पाणी घालायचं तर सामान उचला, गालिचा उचला, झाकणाचे स्क्रू काढा. हे १९७४पर्यंत चाललं. पेट्रोलचा विजेवरचा पंप मागच्या चाकाजवळ बसवलेला. त्याचे पॉइंट जळाले की त्याची टिकटिक थांबायची आणि गाडीही थांबायची. उपाय एकच. उतरायचं, मागे जायचं आणि पंपाला पान्याने एक टोला हाणायचा.

वायरिंग लुकास कंपनीचं. आपल्याकडे लुकास-टीव्हीएसमुळे हे नाव परिचित आहे. ब्रिटिश गाड्यांच्या मालकांनी मात्र या कंपनीला 'अंधाराचा राजपुत्र' अशी पदवी दिली होती, कारण रात्री हेडलाइट कधी साथ सोडतील याचा नेम नसे. इंग्रज बिअर कोमट का पितात, तर त्यांचे फ्रिजही लुकासच बनवतं, हा विनोद या मंडळींनी इतक्यांदा सांगितलाय की तो आता त्यांच्या धर्मग्रंथात जमा आहे. तेलाबद्दलही असाच एक आहे: गळती थांबली म्हणून खूश होऊ नका, तेल संपलं असेल. आणि गंज! एमजीबीच्या दाराखालचा पत्रा गाडीचा भार पेलतो. तोच आतून खाऊन जायचा. मग चाक बदलायला जॅक लावला की जॅक वर जायचा आणि गाडी जागेवर राहायची.

बघा, हे सगळं माणसं हसत हसत सांगतात. वेगाबद्दल फारसं बोलतच नाहीत, कारण बोलण्यासारखं विशेष नव्हतं. पहिल्या स्प्राइटचं इंजिन ९४८ सीसीचं होतं. आज आपल्या रस्त्यावरची साधी हॅचबॅक तिला सहज मागे टाकेल.

दोषांची आरती थांबवा

इथे आठवणी सांगणारे एक चलाखी करतात, आणि तिला आपण फसता कामा नये. ते म्हणतात की या दोषांमुळेच गाडीला 'स्वभाव' होता, आजच्या गाड्या निर्जीव आहेत. आजोबांच्या काळातलं सगळं अस्सल आणि आताचं सगळं प्लास्टिक, हे तुम्ही प्रत्येक लग्नघरात ऐकलेलं कीर्तनच आहे. फक्त इथे पितळी तांब्याच्या जागी कार्ब्युरेटर आलाय.

हे खोटं आहे, आणि ते खोटं ठरवायला एकच गाडी पुरेशी आहे. १९८९मध्ये जपानच्या माझदाने शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ ही गाडी आणली. जुन्या ब्रिटिश रोडस्टरचा, विशेषतः लोटस एलानचा, त्यांनी उघड उघड अभ्यास केला होता. छोटी, हलकी, दोन सीटची, कापडी टपाची, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर. फक्त टपातून पाणी गळत नव्हतं आणि सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू व्हायची. २०१६पर्यंत त्या दहा लाख निघाल्या. दोन सीटच्या रोडस्टरमध्ये इतकी खपलेली दुसरी गाडी नाही. म्हणजे लोकांना मजा हवी होती, गळती नको होती. गळती हा 'स्वभाव' असता तर माझदाचं दुकान कधीच बंद झालं असतं.

दोष हे दोषच होते. कोंदट हिशेबातून, जुन्या यंत्रांतून आणि नव्या मॉडेलवर पैसे न घालण्यातून आलेले. एमजीबी अठरा वर्षं जवळपास त्याच सांगाड्यावर विकली गेली. यात प्रेम करण्यासारखं काही नाही. प्रश्न वेगळाच आहे. इतका ताप देणाऱ्या वस्तूबद्दल माणसं पन्नास वर्षांनी हसत का बोलतात? तुमचा मागचा फोन बिघडला तेव्हाची आठवण तुम्ही अशी हसत सांगता का?

उघडणारी गाडी

उत्तर गाडीच्या बॉनेटमध्ये आहे, अगदी शब्दशः. ट्रायम्फ स्पिटफायरचं पूर्ण नाक, बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड मिळून, एकत्र पुढे कलंडतं. इंजिन, स्टिअरिंग, पुढची सस्पेन्शन सगळं समोर मोकळं. तुम्ही चाकावर बूड टेकवून आरामात काम करू शकता. १९५८ची 'फ्रॉगआय' स्प्राइटही अशीच, बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे असलेलं अख्खं नाक उघडणारी. या गाड्या बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं की घेणारा माणूस ती उघडणार.

याच फ्रॉगआय स्प्राइटने एका पुस्तकाला जन्म दिला. जॉन हेन्स हा तरुण ब्रिटिश हवाई दलात एडनला होता. सहकाऱ्याची स्प्राइट दुरुस्त करायला बसला, तेव्हा लक्षात आलं की कंपनीचं मॅन्युअल सामान्य माणसासाठी लिहिलेलंच नाही. मग त्याने इंजिन खोलताना आणि जोडताना पायरीपायरीने फोटो काढले. १९६६मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि पहिल्या ३,००० प्रती तीन महिन्यांत संपल्या. पुढे हेन्स मॅन्युअल ब्रिटनच्या घराघरांतल्या गॅरेजात पोचलं, तेलाचे डाग पडलेलं, पानं चिकटलेलं. पद्धत तीच: गाडी खरोखर पूर्ण खोलायची, परत जोडायची आणि जे केलं ते लिहायचं. आज युट्यूबवर तुम्ही 'हे कसं उघडायचं' म्हणून जे व्हिडिओ बघता, त्यांचे पणजोबा हेच.

लोटसचा किस्सा तर याहून भारी. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर जबर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या किटवर नव्हता. म्हणून लोटस सेव्हन खोक्यांत भरून विकली जायची आणि घेणारा ती घरी जोडायचा. नियम असा की किटसोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. त्यावर लोटसने गाडी *सुटी* करण्याच्या सूचना दिल्या. त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायच्या, असं सांगतात. १९७३मध्ये ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि ही सवलत संपली. विचार करा, विकणाऱ्याचा घेणाऱ्यावर केवढा हा विश्वास! आज नव्या टीव्हीच्या मागे 'उघडल्यास वॉरंटी रद्द' असं स्टिकर असतं.

आणखी एक गोष्ट होती. या गाड्या आत फार साध्या होत्या. स्प्राइटचं इंजिन ऑस्टिन ए३५ या घरगुती गाडीतलं, स्टिअरिंगचा रॅक मॉरिस मायनरचा. स्पिटफायर उभी राहिली ती ट्रायम्फ हेराल्डची चासी कापून आखूड करून. म्हणजे स्पोर्ट्स कारच्या आत शेजारच्या मास्तरांच्या गाडीचेच भाग. पार्ट कुठेही मिळायचे, आणि कुठलाही मेकॅनिक त्यांना ओळखायचा.

यातले काही भाग तुमच्या आजोबांनीही पाहिलेत. मद्रासला १९६१पासून स्टँडर्ड हेराल्ड बनायची, ती हीच ट्रायम्फ हेराल्ड. आणि आपली अॅम्बेसेडर? ती मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यात वर्षानुवर्षं बसवलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बीएमसी कंपनीच्या 'बी' मालिकेतलं. १९५५ची पहिली एमजीए याच मालिकेच्या, याच १४८९ सीसीच्या इंजिनावर धावत होती. मंत्र्यांची लाल दिव्याची पांढरी गाडी आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची रोडस्टर, दोघींच्या पोटात एकाच घराण्याचं यंत्र. आपल्याकडच्या मेकॅनिकने अॅम्बेसेडर कशी जगवली हे आठवा: चोर बाजारातून आणलेले पार्ट, लेथवर करून घेतलेला बुश, कापून बनवलेलं गास्केट. अॅबिंग्डनच्या एमजीचा मालक इंग्लंडमध्ये तेच करत होता. हे इंग्रजी कसब आणि तो देशी जुगाड, असं वेगळं काढायचं कारण नाही. उघडता येणाऱ्या यंत्राभोवती कुठल्याही देशात असाच माणूस तयार होतो.

मालकी म्हणतो ती ही. बिघडण्याचं कारण कळणं, ते स्वतः किंवा गल्लीतल्या माणसाकडून दूर करता येणं, आणि त्यासाठी कंपनीची परवानगी न लागणं. माणसं हसत सांगतात ती बिघाडाची गोष्ट नसते. ती बिघाडावर मात केल्याची असते. तुमच्या फोनच्या बिघाडाची गोष्ट तुम्ही हसत सांगत नाही, कारण तिच्यात तुम्ही काही केलेलंच नसतं. तुम्ही फक्त टोकन घेऊन बसला होतात.

बॅज कुणाचा, घाम कुणाचा

आता ब्रिटिशपणाचं बघू. महायुद्धानंतर ब्रिटन कर्जबाजारी होता. निर्यात करणाऱ्या कारखान्यांना पोलादाच्या वाटपात झुकतं माप मिळे. म्हणून या गाड्या बनल्या त्या मुख्यतः अमेरिकेसाठी. एमजी, ट्रायम्फ, हीली यांचं सर्वात मोठं गिऱ्हाईक अटलांटिकच्या पलीकडे होतं. ज्याला आपण 'इंग्लिश कंट्री रोड'चं स्वप्न म्हणतो, ते बरंचसं अमेरिकन हायवेवर जगलं गेलं. तिकडचे सुरक्षेचे नियम बदलले तेव्हा १९७४मध्ये एमजीबीला काळे रबरी बंपर लागले आणि ती उंच झाली. तिचं वळणावरचं वागणं बिघडलं. गिऱ्हाइकाच्या देशाने गाडीचं तोंड बदललं. राष्ट्रीय आत्मा वगैरे असता तर इतका सहज वाकला नसता.

शेवटही हिशेबाच्या वहीतच झाला. एमजी तेव्हा ब्रिटिश लेलँड या अवाढव्य, तोट्यातल्या कंपनीत होती. १९७९च्या सप्टेंबरात अॅबिंग्डनमध्ये एमजीच्या ५० वर्षांचा सोहळा झाला, आणि लगेच कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. पौंड वधारला होता, अमेरिकेत विकलेल्या गाडीमागे पैसे सुटत नव्हते. ऑक्टोबर १९८०मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. त्या काळच्या ब्रिटिश कारखान्यांची गोष्ट सांगताना संपकरी कामगारांवर खापर फोडायची प्रथा आहे. अॅबिंग्डनचे कामगार मालकाशी जमवून घेणारे म्हणून ओळखले जात. तरीही त्यांचा कारखाना गेलाच. आठवणींच्या मैफिलीत या कामगारांचं नाव निघत नाही, बॅजचं निघतं.

बॅजचं पुढे काय झालं तेही ऐका. एमजी रोव्हर ही कंपनी एप्रिल २००५मध्ये कोसळली. लाँगब्रिजला हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. नाव चीनच्या नानजिंगने घेतलं, मग ते शांघायच्या सैककडे गेलं. २०१९मध्ये तो अष्टकोनी बॅज भारतात आला. गुजरातमधल्या हालोलच्या कारखान्यात हेक्टर बनू लागली. पुढे जिंदालांचा जेएसडब्ल्यू गट भागीदार झाला.

चिनी किंवा भारतीय हातांत गेल्याचं मला काडीचंही दुःख नाही. बॅज इंग्रजांच्याच हाती राहायला हवा होता, असं ज्याला वाटतं त्याने १९८०चा अॅबिंग्डनचा कामगार आठवावा. माझा आक्षेप बॅजखाली काय विकलं जातं याला आहे.

आता तुम्ही काय विकत घेता?

सप्टेंबर २०२४मध्ये एमजीने भारतात विंडसर नावाची विजेची गाडी आणली. नाव ब्रिटिश राजघराण्याच्या किल्ल्याचं. किंमत जाहीर झाली ९.९९ लाख, आणि त्या किमतीत बॅटरी नव्हती. बॅटरी भाड्याने, दर किलोमीटरला साडेतीन रुपये. बॅटरीसकट घेण्याचा पर्याय नंतर दिला गेला, आणि सुरुवातीला कमी पैसे भरावे लागतात हा फायदा खराच आहे. ज्याचा हिशेब जुळतो त्याने जरूर घ्यावी. पण वस्तुस्थितीकडे सरळ बघा. ज्या बॅजच्या आठवणी म्हणजे सीटमागच्या खड्ड्यातल्या स्वतःच्या दोन बॅटऱ्या, त्याच बॅजची गाडी आज अशीही मिळते की तिच्यातली बॅटरी तुमची नाही. दारात उभ्या गाडीचं हृदय दुसऱ्याचं, आणि चालवाल तितकं मीटर पडणार. याला आमच्या गावात रिक्षा म्हणतात, फक्त इथे चालवणारेही तुम्हीच.

एकट्या एमजीला धोपटण्यात अर्थ नाही. २०२२मध्ये बीएमडब्ल्यूने ब्रिटनसह काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी मासिक वर्गणी ठेवली, ब्रिटनमध्ये महिना १५ पौंड. गरम करणाऱ्या तारा सीटमध्ये आधीच बसवलेल्या होत्या. पैसे कुलूप उघडण्याचे होते. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी कंपनीने माघार घेतली. पण कल्पना मेलेली नाही. तुमचा फोन, तुमची गाणी, तुमचे सिनेमे सगळे आधीच तिच्या ताब्यात आहेत. वर्गणी संपली की कपाट रिकामं.

याचा खरा कस कंपनी बुडते तेव्हा लागतो. २०२४मध्ये अमेरिकेतली फिस्कर ही विजेच्या गाड्यांची कंपनी दिवाळखोरीत गेली. गाड्या जवळपास नव्या होत्या, पण त्यांचं सॉफ्टवेअर अपडेट कोण करणार, हा प्रश्न उभा राहिला. मालकांना संघटना बांधून गाड्या चालत्या ठेवण्यासाठी झगडावं लागलं. आता एमजीबी बघा. तिचा कारखाना बंद होऊन चाळीस वर्षं उलटली, कंपनी बुडाली, नाव दोनदा विकलं गेलं. तरीही एमजीबी रस्त्यावर आहेत. १९८८पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्याच साच्यांवर तिचे अख्खे नवे पत्र्याचे सांगाडे बनवून विकले. पुस्तकं आहेत, पार्ट आहेत, क्लब आहेत, आणि जाणकार हात आहेत. कंपनी मेली तरी गाडी जगली, कारण तिचं ज्ञान कंपनीच्या तिजोरीत कधी बंदच नव्हतं.

आपल्याकडे २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. आज शोरूममधून निघालेली एखादी टचस्क्रीनवाली गाडी पन्नास वर्षांनी त्या नोंदणीला उभी राहील का? तिचा सर्व्हर कुठे असेल? पासवर्ड कुणाकडे असेल?

'पण...' म्हणणाऱ्यांसाठी

यावर आक्षेप येतील, आणि ते यायलाच हवेत.

पहिला सुरक्षेचा. या गाड्या अपघातात जीवघेण्या होत्या. ना एअरबॅग, ना चुरडून धक्का झेलणारी रचना, आणि ब्रिटनमध्ये पुढच्या सीटवर बेल्ट लावण्याची सक्ती आली तीच १९८३मध्ये. धूर तर विचारूच नका. म्हणून जुन्या गाड्या परत आणा असं मी म्हणत नाहीच. एअरबॅग हवी, एबीएस हवं, धूर नको. पण या कशासाठीही मालकाला कुलूपबंद करावं लागत नाही. उलट विजेची गाडी यंत्र म्हणून इंजिनाच्या गाडीपेक्षा सोपी आहे. तिच्यात हलणारे भाग कितीतरी कमी. चारशे व्होल्टची बॅटरी कुणी घरी उचकटू नये हे मान्य. पण तिची माहिती आणि निदानाची साधनं गल्लीतल्या प्रशिक्षित मेकॅनिकला का मिळू नयेत? ती न देणं हा विजेचा नियम नाही, धंद्याचा निर्णय आहे.

दुसरा आक्षेप बायकांचा, आणि तो अधिक टोचणारा. या आठवणी जवळजवळ सगळ्या पुरुषांच्या असतात. बाबा रविवारी गाडीखाली होते, तेव्हा स्वयंपाक, पोरं आणि सासू कोण बघत होतं? आठवणीत 'बायको वैतागायची' एवढीच तिची ओळ. गाड्या मात्र बायकांच्या हातीही तितक्याच चालत होत्या. १९६०मध्ये पॅट मॉस आणि अॅन विझडम या दोघींनी ऑस्टिन-हीली ३०००मध्ये लिएज-रोम-लिएज ही युरोपातली अत्यंत खडतर रॅली जिंकली, पुरुषांना मागे टाकून. म्हणजे पाना पुरुषांच्या हाती राहिला तो रविवारची सुट्टी पुरुषांचीच होती म्हणून. मालकीबद्दल बोलायचं तर त्या सुट्टीच्या मालकीबद्दलही बोलावं लागेल.

तिसरा आक्षेप जागेचा आणि वेळेचा. पुण्यात वा ठाण्यात भाड्याच्या टू-बीएचकेत राहणाऱ्या, सोसायटीच्या स्टॅक पार्किंगमध्ये स्कूटर कोंबणाऱ्या पोरीने इंजिन कुठे खोलायचं? खरं आहे. इंग्लंडमधल्या त्या पोरांकडे घरापुढची मोकळी जागा होती आणि दोन दिवसांची सुट्टी होती. आपल्याकडे ते कमी आहे. पण म्हणूनच गल्लीतला मेकॅनिक महत्त्वाचा. प्रत्येकाने पाना हाती घ्यायची गरज नाही. तो घेण्याचा हक्क आपल्या वतीने कुणाला तरी असला, तरी कंपनीचं सर्व्हिस सेंटर सांगेल तेच बिल मुकाट्याने भरावं लागत नाही.

हा हक्क मागायची भाषा आता तयार आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने २०१२मध्येच गाड्यांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विभाग आहेत. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तरी दार किलकिलं झालंय. मागण्याही साध्या आहेत. दुरुस्तीचं मॅन्युअल मालकाला वाजवी किमतीत मिळावं. सुटे भाग कुणालाही विकत मिळावेत. विकलेल्या वस्तूतली सोय नंतर कुलूप लावून परत विकू नये. कंपनी बुडाली तर तिचं सॉफ्टवेअर मालकांसाठी खुलं व्हावं.

तेव्हा पुढच्या वेळी जुन्या ई-टाइपचा फोटो तुमच्या फीडमध्ये आला, तर लाइक जरूर करा. गाडी देखणी होतीच. पण तिच्याखाली गळे काढणाऱ्या काकांना एक प्रश्न विचारा: तुमची होती का? असेल, तर त्यांच्याकडून त्या बॅटरीची, त्या पंपाची, त्या तेलाची गोष्ट नीट ऐकून घ्या, कारण ती तुमच्या उपयोगाची आहे. आणि मग नवा फोन किंवा नवी गाडी घेताना, रंग आणि स्क्रीन बघून झाल्यावर, दुकानदाराला विचारा की ही उघडते कशी, पार्ट कुठे मिळतात, आणि उद्या तुमची कंपनी राहिली नाही तर ही चालेल का. तो गोंधळेल. त्याला या प्रश्नांची सवय नाही. ती लावण्याचं काम आपलं आहे.